खड्ड्यात गेलेले पैसे

दिवाळीचा अंक हाती घेऊन, शेजारी चकल्यांची बशी ठेवून बसलेल्या वाचकाला खड्ड्यांच्या गोष्टी सांगाव्यात, हे काही औचित्याला धरून नाही, हे मला कळते. परंतु ज्या घरात मोटार आली त्या घरात खड्डाही मागोमाग आलाच म्हणून समजावे. तो गॅरेजच्या बिलातून येतो, महिन्याच्या जमाखर्चात येतो, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी नवराबायकोच्या बोलण्यातही येतो. त्या बोलण्याचा शेवट आपल्याकडे ठरलेला असतो : "जाऊ दे, खड्ड्यात गेले ते पैसे!"

या वाक्याशी माझे भांडण आहे. पैसे खड्ड्यात गेले हे खरे. पण तेथून ते वर काढायला एखादी शिडी आहे की नाही, हे पाहण्याचे कष्ट आपल्यापैकी किती जण घेतात? मी ते घेऊन पाहिले. मी वकील नाही की पुढारी नाही. बँकेत एकतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेली गृहिणी आहे. कागद नीट लावून ठेवणे आणि बेरजा तपासणे, यापलीकडे दुसरी विद्या मला येत नाही. तेवढ्या विद्येवर काय मिळाले आणि काय मिळाले नाही, त्याचा हा सरळ हिशेब आहे. यात मी आमच्या शहराचे, महापालिकेचे किंवा विमा कंपनीचे नाव घेत नाही. कोणाला दूषण देण्यासाठी हे लिहिलेले नाही. आणि वाचकहो, तुमच्या गावची गोष्ट याहून फार निराळी असेल असे मला वाटतही नाही.

पाण्याखालची जागा

आमच्या सासूबाईंचे वय चौऱ्याऐंशी. आठवड्यातून तीन दिवस त्यांना डायलिसिसला न्यावे लागते. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मोटार मीच चालवते. २०२५ च्या सप्टेंबरातली गोष्ट. रात्रभर पाऊस पडून गेला होता. सकाळी सव्वासहाला आम्ही दोघी निघालो. मोठ्या रस्त्यावर डाव्या बाजूला पाणी साचलेले होते, आणि त्या पाण्याखाली काय दडले आहे ते सांगायला तेथे ना खांब, ना झाडाची फांदी. चाक आत गेले, धाडकन आवाज झाला आणि गाडी डावीकडे खेचू लागली.

सासूबाईंना दुखापत झाली नाही, ही देवाची कृपा. परंतु डायलिसिस ही उद्यावर ढकलण्याची गोष्ट नव्हे. गाडी कडेला लावून, रिक्षा करून त्यांना आधी इस्पितळात पोहोचवले. जाताना त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, माझ्यासाठी थांबू नकोस. मला आत सोड आणि त्या खड्ड्याचे काय ते बघ. आज आपण होतो. उद्या कोणी दुचाकीवर असेल."

हे बोलणे माझ्या मनात राहिले. पुढे जे काही केले, त्यातला अर्धा जोर त्यांच्या या वाक्याचा होता.

परत येऊन मी फोटो काढले. खड्ड्याचा जवळून एक, आणि मागचे दुकान व विजेचा खांब दिसेल असा लांबून एक. पाणी ओसरल्यावर ह्यांनी त्यात छत्री उभी धरली, म्हणजे खोली कळावी. आणि कडेला नातवाची फूटपट्टी ठेवली. खड्डा सात इंच खोल निघाला. लोक बघून हसत होते. हसोत बापडे! पुढे सात महिने ते छत्रीचे चित्र आमच्या बाजूने साक्ष देत होते.

मोठा खड्डा एका रात्रीत पडल्यासारखा दिसतो, पण त्याचा जन्म बराच आधी झालेला असतो. डांबराला प्रथम बारीक भेग पडते. तिच्यातून पाणी झिरपते आणि खालचा खडी-मुरुमाचा थर मऊ पडतो. वरून चाक गेले की ते पाणी दाबाने उसळते आणि बारीक माती बरोबर घेऊन जाते. खाली पोकळी झाली की वरचे डांबर एक दिवस खचते. म्हणजे भेग बुजवण्याचे काम वेळेवर झाले असते, तर खड्डा पडलाच नसता. मुद्दा साधा आहे, पण भरपाईच्या सगळ्या भांडणाचे मूळ त्यातच आहे. ज्याने रस्ता राखायचा, त्याला हे आधी दिसायला हवे होते की नाही?

विम्याचे गणित

गॅरेजचे मिस्त्री जुन्या ओळखीचे. त्यांनी गाडी वर उचलून पाहिली. टायरची बाजू फाटलेली, चाकाची रिम वाकलेली, लोअर आर्म वाकडा आणि शॉक ॲब्झॉर्बर गळायला लागलेला. "काकू, ही अशीच चालवत आणली असतीत तर आणखी दोन भाग गेले असते," ते म्हणाले. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाडी मोडल्यावर तशीच हाकली आणि त्यामुळे आणखी नुकसान झाले, तर त्या वाढीव नुकसानीचे पैसे विमा कंपनी नाकारते. खालची तेलाची टाकी फुटून तेल गळत असताना गाडी चालवली आणि इंजिन बसले, तर ते सारे आपल्याच अंगावर येते.

बिल झाले करासकट २३,००० रुपये. टायर ६,०००, रिम ५,०००, आर्म ४,०००, शॉक ॲब्झॉर्बर ५,०००, मजुरी व अलाइनमेंट ३,०००.

"विमा आहे ना?" हे म्हणाले. विमा होता; पण विमा म्हटला की पूर्ण पैसे, अशी जी आपली समजूत असते ती खरी नाही. कायद्याने सक्तीचा आहे तो त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा. त्यात आपल्या गाडीला छदामही मिळत नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी सर्वंकष विमा लागतो. त्यातही नुसता टायर फाटला असेल तर नेहमीच्या पॉलिसीत काही मिळत नाही. टायरबरोबर गाडीचा दुसरा भाग मोडला असेल, तरच टायरचे पैसे मिळतात, आणि तेही निम्मे. म्हणूनच मिस्त्रींचे परीक्षण पुरे होईपर्यंत आणि कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत जुना टायर व वाकलेले भाग टाकून देऊ नयेत.

गाडी साडेतीन वर्षांची. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर घसारा पंचवीस टक्के कापतात. म्हणजे १४,००० च्या भागांचे १०,५००, टायरचे ३,०००, मजुरी पूर्ण ३,०००. बेरीज १६,५००. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीने सोसावे लागणारे १,००० रुपये वजा. हाती आले १५,५००, आणि पदरचे गेले ७,५००.

येथे हिशेब संपला असे वाटते; पण संपत नाही. दावा न केल्याबद्दल दरवर्षी हप्त्यात जी सूट मिळते, ती एका दाव्यासरशी शून्यावर येते. ही सूट पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाचव्या वर्षानंतर पन्नास अशी चढत जाते. आम्ही पस्तीसच्या पायरीवर होतो. दावा केला नसता तर पुढची पाच वर्षे पंचेचाळीस आणि मग पन्नास-पन्नास मिळाली असती. दाव्यानंतर शून्य, वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस असे पुन्हा चढायचे. दोन्ही ओळी मांडून वजाबाकी केली, तेव्हा पाच वर्षांत मिळून एका वर्षाच्या मूळ हप्त्याच्या १२० टक्के एवढे नुकसान निघाले. आमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ९,००० रुपये, म्हणजे १०,८००. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून आकडा थोडा कमी धरा. तरीही १५,५०० मिळाले असे वाटत होते, त्यातला खरा लाभ पाच हजारांच्या आसपासच.

आम्ही दावा केला, कारण इस्पितळाच्या खर्चामुळे त्या महिन्यात हातात रोकड हवी होती. परंतु बिल आठ-दहा हजारांचे असते, तर मी दावा केला नसता. जादा हप्ता भरून घसारा न कापण्याची, टायरची किंवा सूट राखण्याची पुरवणी घेता येते. ज्यांचे रोजचे जाणे खराब रस्त्यावरून आहे, त्यांनी पॉलिसी घेतानाच तिचा विचार करावा. आणि कंपनीने दावा नाकारला किंवा महिनाभर तक्रारीला उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

सहा महिने थांब!

आता महापालिका. विम्याने जे दिले तेच पुन्हा दुसरीकडून मागता येत नाही. एका नुकसानीची भरपाई एकदाच. म्हणून मी मागितले ते पदरचे ७,५०० आणि गाडी गॅरेजमध्ये असताना इस्पितळाच्या फेऱ्यांना लागलेले टॅक्सीचे २,४००. एकूण ९,९००. टॅक्सीच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या.

आमच्या आळीत एक वृद्ध वकील राहतात. त्यांच्याकडे कागद घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "बाई, अपघाताची तारीख काय? आपल्याकडे म्हण आहे, सरकारी काम आणि सहा महिने थांब. या कामात सहा महिने थांबलात, तर हक्कच बुडाला म्हणून समजा."

मग त्यांनी समजावून सांगितले. मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिकांना १९४९ चा महापालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये रस्ते बांधणे आणि राखणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. कलम ४८७ प्रमाणे महापालिकेवर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर एक महिना थांबावे लागते, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. मुंबईसाठी १८८८ चा निराळा कायदा आहे. त्यात कलम ५२७ साधारण हेच सांगते. रस्ता राज्य सरकारचा असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस. टोल घेणारा रस्ता असेल तर गोष्ट आणखी निराळी : तेथे आपण पैसे मोजून सेवा घेतो, म्हणून टोलची पावती घेऊन ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे फीही नाही. नुसता महापालिकेचा कर भरणाऱ्याला मात्र 'ग्राहक' म्हणवून घेणे कठीण जाते.

वकीलसाहेब बोलण्याच्या ओघात इंग्लंडात पोहोचले. १७८८ साली डेव्हन परगण्यात एका मोडक्या पुलामुळे कोणाच्या मालगाडीचे नुकसान झाले. त्याने परगण्याच्या रहिवाशांवर फिर्याद केली आणि तो हरला. रस्ता राखला नाही, एवढ्यासाठी भरपाई नाही, हा नियम तेथे पुढे पावणेदोनशे वर्षे टिकला. १९६१ च्या कायद्याने तो रद्द झाला. आता तेथे १९८० च्या महामार्ग कायद्याप्रमाणे स्थानिक संस्थेला सुटायचे असेल, तर आपण वाजवी काळजी घेतली होती, हे तिलाच सिद्ध करावे लागते. "तेव्हा," वकीलसाहेब म्हणाले, "सगळा प्रश्न एकच. त्यांना खड्डा ठाऊक होता का, किंवा असायला हवा होता का? ते तुम्ही शोधून काढा."

खड्ड्याची कुंडली

खड्ड्याची तक्रार मी अपघाताच्या दिवशीच नोंदवली होती आणि तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवला होता. आता माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज केला. प्रश्न चारच : हा रस्ता शेवटचा केव्हा केला? कोणत्या ठेकेदाराने? दोष दुरुस्त करून देण्याची त्याची जबाबदारी कधीपर्यंत आहे? आणि या जागेबद्दल गेल्या तीन महिन्यांत किती तक्रारी आल्या?

कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आले. रस्ता चौदा महिन्यांपूर्वीचा, ठेकेदाराची जबाबदारी तीन वर्षांची, आणि माझ्या आधी तीन तक्रारी! तो कागद हातात आला, तेव्हा ह्यांनी प्रथमच "खड्ड्यात गेले ते पैसे" म्हणणे सोडले.

नोटीस गेली. महिन्याने उत्तर आले : अतिवृष्टीमुळे रस्त्याची हानी झाली, सबब भरपाईची जबाबदारी मान्य नाही. वकीलसाहेबांनी स्वतःची फी घेतली नसती. परंतु कोर्टाचा खर्च, तारखांच्या फेऱ्या आणि त्या तीन दिवसांच्या डायलिसिसच्या वेळा, यांचा मेळ बसेना. ९,९०० रुपयांसाठी दावा लावायचा नाही, असे आम्ही घरात बसून ठरवले. ते पैसे आजही आलेले नाहीत. तो खड्डा मात्र नोटीस गेल्यावर चौथ्या दिवशी खडी टाकून बुजवला.

शेजारची मुलगी

पुढची गोष्ट नोव्हेंबरातली. टाकलेली खडी अवकाळी पावसात उखडून आली होती. आमच्या शेजारच्या नानांची नात संध्याकाळी क्लासहून स्कूटरवर येत होती. चाक त्या खडीवर घसरले आणि ती पडली. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. उजव्या मनगटाचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून पट्टी बसवावी लागली. मुलगी शेवटच्या वर्षाला, आणि परीक्षा तोंडावर.

खड्ड्याने मरणारे लोक काही थोडेथोडके नाहीत. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात १४,९२६ माणसे खड्ड्यांमुळे दगावली, हा आकडा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायमूर्तींनीही तो भयावह मानला होता. मुंबई उच्च न्यायालयात २०१३ पासून या विषयावर जनहितयाचिका चालू झाली. चांगल्या स्थितीतला रस्ता मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या न्यायालयाने २०१५ साली सांगितले होते. आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने भरपाईचे आकडेच ठरवून दिले : खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, आणि जखमी झाल्यास इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. त्यासाठी समिती, महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाचे सचिव. भरपाई सहा ते आठ आठवड्यांत द्यायची आणि ती जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची. कळवलेला खड्डा अठ्ठेचाळीस तासांत बुजवायचा. मोटारीच्या चाकाचा या आदेशात उल्लेख नाही. तो माणसांच्या जिवासाठी आणि हाडांसाठी आहे. अग्रक्रम योग्यच आहे, असे ९,९०० रुपये गमावूनही मला वाटते.

नाना संध्याकाळी आमच्याकडे आले. नेहमी मोठ्याने बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज बसलेला. म्हणाले, "वहिनी, तुमची ती खड्ड्याची फाईल आहे ना? ती जरा द्याल का?"

मी फाईल दिली; आणि वकीलसाहेबांना घेऊन आम्ही चौघे अर्जाला बसलो. इस्पितळाचे कागद व पोलिसांकडची नोंद त्यांची. छत्रीचा फोटो, तक्रारीचा क्रमांक, आधीच्या तीन तक्रारींचे उत्तर आणि ठेकेदाराची मुदत आमची. पुढे रस्ते विभागाच्या बाजूने सांगण्यात आले की, या जागेबद्दल विभागाला पूर्वसूचना नव्हती. वकीलसाहेबांनी काही भाषण केले नाही. त्यांनी महापालिकेच्याच सहीचा तो कागद पुढे सरकवला.

मुलीला भरपाई मिळाली. आकडा तिच्या घरचा आहे, तो मी येथे छापत नाही. शस्त्रक्रियेसाठी नानांनी ठेव मोडली होती, ती पुन्हा भरून झाली, एवढे सांगते. मुलगी डाव्या हाताने सराव करून परीक्षेला बसली आणि पासही झाली. त्या जागी आता खडी नाही. ठेकेदाराने तेवढा पट्टा खणून नव्याने केला आहे.

एवढे अवश्य करावे

ज्यांना हा प्रसंग येईल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी माणसे सांभाळा, गाडी सुरक्षित जागी लावा, आणि मोडकी गाडी चालवू नका. जवळून व लांबून फोटो काढा. त्यात मोजमाप दिसू द्या. त्याच दिवशी तक्रार नोंदवा आणि क्रमांक लिहून ठेवा. विमा कंपनीला लगेच कळवा, पण दावा करण्यापूर्वी सुटीचे गणित कागदावर मांडा. रस्ता कोणाचा आहे ते शोधा. महापालिकेचा असेल तर सहा महिन्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल शाईने लिहा. दहा रुपयांचा अर्ज कधीही टाळू नका. आणि गाडीला काही झाले नसले, तरी दिसलेला खड्डा कळवा. त्या तक्रारीवर पुढे कोणाचे तरी प्रकरण उभे राहते.

सासूबाई अजून आठवड्यातून तीन दिवस माझ्याबरोबर त्याच रस्त्याने जातात. त्या जागेवरून गाडी गेली की विचारतात, "झाला का गं आपला खड्डा?" मी म्हणते, "झाला." मग त्या पुढच्या चौकाकडे बोट दाखवतात. तेथे डांबराला नवी भेग पडली आहे. तिची तक्रार मी गेल्या सोमवारी नोंदवली; क्रमांक वहीत आहे.